तापास खायला निघालेल्या टोळीसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनला जाणाऱ्या मंडळींचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. व्हिसा आणि विमानाचं सगळं पार पडलं की कोणीतरी हळूच विचारतं, ‘ते तापास म्हणजे नक्की काय करायचं असतं?’ चार-सहा मित्र, त्यांतले दोघे शाकाहारी, एक जण न पिणारा आणि एकाचा रोज रात्री आठला जेवायचा हट्ट, अशी सर्वसाधारण मराठी टोळी डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

तापास हा कोणता पदार्थ आहे?

कोणताच नाही. बिअर, वाइन किंवा सरबतासोबत लहान बशीत जे काही खायला येतं ते तापास. आपला चखणा जेवणाच्या तोडीचा झाला आणि त्याच्यासाठी लोक घराबाहेर पडू लागले, तर जे होईल ते. बशीत नुसते ऑलिव्ह असतील, बटाट्याचं ऑम्लेट असेल किंवा तासन्‌तास शिजवलेलं मांसही असेल.

पण बशीत काय आहे यापेक्षा ते कसं खायचं हे जास्त महत्त्वाचं. एका बारमध्ये एक पेय, एक-दोन बशा, दहा-पंधरा मिनिटं गप्पा. मग पुढचा बार. या भटकंतीला तिथे ‘तापेओ’ म्हणतात. आपल्या मंडळींचं बिनसतं ते इथेच. आपण टेबल पकडतो, मेनू मागवतो, बारा पदार्थ एकदम सांगतो आणि दोन तास हलत नाही. पोट भरतं, पैसे जातात आणि तापास काही विशेष वाटत नाही. या पानावरची बाकी सगळी उत्तरं थोडीफार याच एका गोष्टीभोवती फिरतात: कमी मागवा आणि हलत राहा.

किती वाजता जायचं? आम्ही आठला जेवतो.

आठला गेलात तर बार मोकळा मिळेल आणि आजूबाजूला सगळे तुमच्यासारखेच पर्यटक असतील. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते चारच्या दरम्यान आणि रात्रीचं नऊनंतर. पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी चारला बंद होतं ते आठ-साडेआठला उघडतं. मधल्या वेळेत पेय मिळेल, ऑलिव्ह मिळतील, कदाचित सकाळी करून ठेवलेलं ऑम्लेट मिळेल. गरम काही मिळेलच असं नाही.

हे लोक इतक्या उशिरा का जेवतात, याचं एक कारण घड्याळात आहे. स्पेनचा बराचसा भाग ब्रिटनच्याच रेखांशावर येतो, पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे करून जर्मनीच्या वेळेला जुळवली गेली आणि ती तशीच राहिली. जूनमध्ये माद्रिदला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. लख्ख उन्हात रात्रीचं जेवण कोण जेवेल?

आठच्या हट्टी मित्रासाठी उपाय: संध्याकाळी सहाला त्याला काहीतरी खाऊ घाला. नाहीतर सरळ दुपारी एक-दीडला तापेओ करा. दुपारचा तापेओ हा काही दुय्यम प्रकार नाही. रविवारी तर जेवणाआधी व्हर्मुथचा (मसाल्यांचा स्वाद दिलेल्या वाइनचा) एक ग्लास आणि दोन बशा हा स्पेनमधल्या कितीतरी घरांचा रिवाजच आहे.

किती जणांनी जावं?

चार सर्वांत उत्तम, सहा म्हणजे हद्द. त्यापुढे दोन गट करा आणि एकाच गल्लीत वेगवेगळे फिरा. शेवटच्या बारमध्ये भेटा. दहा जणांची टोळी एखाद्या अरुंद बारमध्ये शिरली की आतल्यांना बाहेर पडता येत नाही आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. दहा जणांनी एकत्र बसायचंच असेल तर तो तापेओ नव्हे, ते जेवण. त्यासाठी रेस्टॉरंटमध्ये आधी टेबल राखून ठेवा. छोटे बार टेबल राखून ठेवतच नाहीत.

आत शिरलो. रांग दिसत नाही, कोणी विचारत नाही. आता?

काउंटरपर्यंत पोहोचा, बारवाल्याच्या नजरेत या आणि नजरानजर झाली की ‘पेर्दोना’ (माफ करा) म्हणा. चुटक्या वाजवणं, हात हलवून ‘हॅलो हॅलो’ करणं नको. रांग दिसली नाही तरी ती असते. ती बारवाल्याच्या डोक्यात असते आणि कोण कुणाच्या आधी आलं हे त्याला बरोबर माहीत असतं.

आधी पेयं सांगा. ती येईपर्यंत भिंतीवरची खडूने लिहिलेली पाटी वाचा, काचेच्या कपाटात काय ठेवलंय ते बघा आणि शेजारचे काय खातायत तेही बघा. बोट दाखवून मागवलं तरी कोणी नावं ठेवत नाही. टोळीतल्या एकानेच मागवावं, हे मात्र पाळा. सहा जणांनी सहा बाजूंनी सहा पदार्थ ओरडले की बारवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दोन बशा मागवा. संपल्या की वाटलं तर तिसरी. चांगलं काय आहे ते कळेपर्यंत जास्त मागवण्यात अर्थ नसतो.

बसायला जागाच नाही. उभ्यानेच खायचं?

हो, आणि ते चांगलंच आहे. उभं राहिलं की माणूस आपोआप कमी मागवतो आणि वेळेत निघतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी काउंटरवर, आतल्या टेबलावर आणि बाहेर अंगणात असे तीन वेगळे दर असतात. सर्वांत स्वस्त काउंटर. काही ठिकाणी तर लहान बशी फक्त काउंटरवरच देतात आणि टेबलावर बसलात की मोठीच घ्यावी लागते. दर पाटीवर लिहिलेले असतात, पण ती पाटी आपण सहसा बिल आल्यावर वाचतो.

जुन्या बारमध्ये काउंटरखाली जमिनीवर कागदी रुमाल आणि काड्या पडलेल्या दिसतील. ही जुनी रीत आता कमी होत चालली आहे. इतर टाकत असतील तरच टाका.

पाटीवर ‘तापा’, ‘मेदिया’ आणि ‘रासियोन’ असे तीन आकडे असतात. काय घ्यावं?

तापा म्हणजे दोन-तीन जणांना चव घेण्यापुरतं. रासियोन म्हणजे भरलेलं ताट, चार जणांत वाटून खाण्याजोगं. मेदिया रासियोन त्याच्या निम्मं. पहिल्या बारमध्ये नेहमी तापा. एखादा पदार्थ सगळ्यांनाच आवडला आणि भांडण व्हायची वेळ आली तर मेदिया. ‘मोंतादितो’ दिसलं तर ते पावाच्या लहान तुकड्यावर किंवा तुकड्यात भरलेलं काहीतरी असतं. ते एकट्याचं असतं, वाटायचं नसतं.

तापास फुकट मिळतात असं ऐकलंय.

ग्रानादामध्ये मिळतात. शेजारच्या हाएन आणि अल्मेरियामध्ये मिळतात, उत्तरेकडे लेओनमध्ये मिळतात. पेय मागवलं की सोबत एक बशी येते, तिचे वेगळे पैसे नाहीत. दुसरं पेय घेतलं की दुसरी बशी, आणि ती बहुधा वेगळ्या पदार्थाची. तीन पेयांत जेवण होतं. बिअर किंवा वाइनच हवी असं नाही, थंड पेयासोबतही साधारणपणे बशी येते. कॉफीसोबत मात्र अपेक्षा ठेवू नका.

यात एक मेख आहे. ग्रानादात बहुतेक ठिकाणी बशीत काय यावं हे बारवाला ठरवतो. त्यामुळे शाकाहारी मित्रांनी पेय सांगतानाच तसं सांगायला हवं. बशी समोर आल्यावर बदलून मागणं अवघड जातं. अल्मेरियात उलट, तिथे पाटीवरून आपली बशी आपण निवडायची प्रथा आहे. शाकाहाऱ्यांच्या दृष्टीने अल्मेरिया जास्त सोयीचं, पण तिथे मराठी पर्यटक फारसे जात नाहीत.

सेव्हिल, बार्सिलोना आणि सान सेबास्तियानमध्ये बशीचे पैसे पडतात. माद्रिदमध्ये बऱ्याच बारमध्ये पेयासोबत ऑलिव्ह, वेफर्स किंवा थोडंसं काहीतरी येतं, त्यावर पोट भरणार नाही.

आमच्यात दोघे शाकाहारी आहेत. त्यांनी काय करायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट: ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. विशेषतः जुन्या बारमध्ये ‘मांस नाही’ याचा अर्थ ‘मोठा तुकडा नाही’ असा घेतला जाऊ शकतो आणि भाजीवर हॅमचे बारीक तुकडे भुरभुरलेले येतात. सॅलडमध्ये ट्यूना तर न विचारता येतो. म्हणून तीन वाक्यं पाठ करा. ‘नी कार्ने, नी पेस्कादो’: मांस नाही, मासे नाहीत. ‘सिन हामोन, सिन आतून’: हॅम नको, ट्यूना नको. आणि ‘के येवा एस्तो?’: यात काय काय घातलंय?

आता बिनधास्त मागवण्याजोगे पदार्थ. सेव्हिलमध्ये ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’, म्हणजे जिरं आणि लसूण घालून शिजवलेला पालक आणि काबुली चणे. जिऱ्याच्या वासानेच घरची आठवण येते. ‘पिमिएंतोस दे पाद्रोन’, म्हणजे गॅलिशिया प्रांतातल्या छोट्या हिरव्या मिरच्या, ऑलिव्ह तेलात परतून वर खडे मीठ. बहुतेक सौम्य, मधूनच एखादी झणका देते. दक्षिणेकडच्या अंदालुसियात ‘बेरेन्हेनास कोन मिएल’, तळलेली वांगी आणि वर उसाची काकवी. कातालोनियात ‘एस्कालिवादा’, भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. ‘पान कोन तोमाते’, टोमॅटो चोळलेला भाजका पाव. मालागाकडे बदाम आणि लसणाचं थंडगार पांढरं सूप ‘आहोब्लांको’, ज्यावर द्राक्षं असतात. कॅनरी बेटांवरचे सुरकुतलेले खारे बटाटे आणि त्यांच्यासोबतची ‘मोहो’ नावाची चटणी. बदाम, ऑलिव्ह आणि चीज तर सगळीकडे.

आता फसवे पदार्थ, कारण खरा घोटाळा इथे होतो. ‘क्रोकेतास’ दिसायला निरुपद्रवी, आत बहुतेक वेळा हॅम. ‘साल्मोरेहो’ हे कोर्दोबाचं टोमॅटो-पावाचं दाट सूप स्वतः शाकाहारी, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅमचा चुरा असतो. तो आधीच नको म्हणून सांगा. ‘एन्सालादिया रुसा’ म्हणजे बटाट्याचं सॅलड, त्यात ट्यूना आणि अंड्याचं मेयोनीज. ‘पतातास ब्रावास’चे बटाटे ठीक, पण त्यावरच्या लाल सॉसमध्ये काही ठिकाणी मांसाचा रस्सा वापरतात, विचारून घ्या. बार्सिलोनात ‘बोंबा’ नावाचा बटाट्याचा तळलेला गोळा मिळतो. बटाटा आहे म्हणून तोंडात टाकू नका, आत खिमा असतो. बास्क प्रदेशात काडीला लावलेली ‘हिल्दा’ दिसते: ऑलिव्ह, हिरवी मिरची आणि त्यांच्यामध्ये वळवून खोचलेला अँचोवी मासा. तो मासा सहज लक्षात येत नाही.

अंडं चालत असेल तर ‘तोर्तिया दे पतातास’ हा बटाट्याचा जाड ऑम्लेट तुमचा आधार. कांदा घालावा की न घालावा यावर स्पॅनिश माणसं तावातावाने भांडतात. (घालावा.) अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’ असं वेगळं सांगावं लागतं, कारण तिथल्या व्याख्येनुसार अंडं शाकाहारीच.

आणखी दोन गोष्टी कडक शाकाहाऱ्यांनी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. एक, वांगी आणि मासे बऱ्याच ठिकाणी एकाच तेलात तळतात. दोन, जुन्या बारमध्ये डोक्यावर हॅमच्या अख्ख्या तंगड्या टांगलेल्या असतात, खाली चरबी ठिबकू नये म्हणून छोट्या उलट्या छत्र्या लावलेल्या. हे ज्यांना सहन होणार नाही त्यांना तिथे ओढून नेऊ नका. माद्रिद आणि बार्सिलोनात पूर्ण शाकाहारी तापास देणारी ठिकाणंही आता आहेत. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. चीजमधल्या रेनेटची (वासरांच्या पोटातून काढलेल्या विरजणाची) काळजी असेल तर एस्त्रेमादुरा प्रांतातलं ‘तोर्ता देल कासार’ शोधा. मेंढीच्या दुधाचं हे चीज एका काटेरी रानझाडाच्या फुलांनी विरजतात.

जैन असल्यास?

कठीण आहे, खोटं कशाला सांगू. कांदा, लसूण आणि बटाटा काढला की ऑलिव्ह, बदाम, चीज, पाव, पाद्रोनच्या मिरच्या आणि साधं सॅलड एवढंच उरतं. पोटभर घरी किंवा हॉटेलवर जेवून टोळीसोबत फिरायला जावं, हे सर्वांत सुखाचं. मात्र घरून आणलेली पुडी बारच्या काउंटरवर सोडू नका; बाहेरचं खाणं आत काढलेलं कुठल्याच बारवाल्याला आवडत नाही.

मांसाहारींनी काय चुकवू नये?

‘हामोन इबेरिको दे बेयोता’, म्हणजे ओकच्या झाडाखाली पडणारी फळं खाऊन वाढलेल्या डुकराचं वाळवलेलं मांस. तंगडीवर रंगीत पट्टी असते. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचं आणि त्या फळांवर वाढलेलं. महाग असतं, म्हणून सहा जणांत एक बशी पुरे. कोकणातल्या माणसाने मात्र समुद्राकडे वळावं: लसणाच्या तेलात उकळती येणारी ‘गाम्बास अल आहियो’ कोळंबी, व्हिनेगरमध्ये मुरवलेले ‘बोकेरोनेस’, पाप्रिका घातलेला गॅलिशियाचा ऑक्टोपस, आणि कादिसच्या ‘तोर्तियितास दे कामारोनेस’, म्हणजे सालासकट बारीक कोलंबी घातलेल्या कुरकुरीत चकत्या. शेवटच्या पदार्थासाठी मी कादिसची वाट वाकडी करायला तयार असतो.

डुक्कर किंवा गोमांस टाळणाऱ्यांसाठी सूचना: ‘कार्ने’ म्हटलं की दोन्हींपैकी काहीही असू शकतं. ‘आल्बोंदिगास’ या खिम्याच्या गोळ्यांत पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. ‘राबो दे तोरो’ हे गोमांस. ‘काररियादा’ अंदालुसियात बहुधा डुकराचं. कोंबडी तापासमध्ये तुलनेने कमी दिसते, त्यामुळे ‘फक्त चिकन’वाल्यांनी मासे खायला शिकावं.

न पिणाऱ्याने बारमध्ये काय करायचं?

खायचं. कोणी विचारतही नाही. ‘सेर्वेसा सिन’ म्हणजे बिनअल्कोहोल बिअर जवळपास प्रत्येक बारमध्ये असते. ‘मोस्तो’ म्हणजे द्राक्षाचा रस मिळतो, पण सेव्हिलच्या आसपास याच नावाने कोवळी वाइन देतात, तेव्हा ‘सिन अल्कोहोल’ असं जोडून सांगा. नळाचं पाणी, ‘आग्वा देल ग्रिफो’, फुकट द्यावं असा २०२२ पासून कायदाच आहे. मागायला लाजू नका. नुसत्या पाण्यावर तासभर जागा अडवू नका, एवढंच.

पिणाऱ्यांसाठी: ‘कान्या’ हा बिअरचा लहान ग्लास, साधारण २०० मिलिलिटरचा. लहान यासाठी की गरम होण्याआधी संपावा आणि पुढच्या बारला जाता यावं. मोठा मग मागवला की तापेओचा ताल बिघडतो. सांग्रियाच्या घागरी पर्यटकांपुढे असतात. उन्हाळ्यात तिथली माणसं ‘तिंतो दे वेरानो’ पितात, रेड वाइन आणि लिंबाचा सोडा. अंदालुसियात थंडगार कोरडी ‘फिनो’ किंवा ‘मान्सानिया’ शेरी घेऊन बघा. पहिला घोट विचित्र लागतो. खारट माशासोबत घेतलात की मग कळतं.

पैसे कोणी द्यायचे? टीटीएमएम चालतं का?

बारवाल्याकडून सहा वेगळी बिलं करून घेणं चालत नाही, निदान गर्दीच्या वेळी तरी. पण या प्रश्नावर स्पॅनिश लोकांनीच नामी उपाय काढलाय. ‘बोते’ म्हणजे वर्गणी. निघतानाच प्रत्येकाने ठरावीक रक्कम, समजा वीस युरो, एका खजिनदाराकडे द्यायची. प्रत्येक बारमध्ये तोच पैसे देतो आणि संपले की पुन्हा सगळे सारखी भर घालतात. कुणी किती खाल्लं याचा हिशेब ठेवायचा नसतो.

आपल्या टोळीत न पिणारे असतील तर ही समानता त्यांना खुपते, आणि ते रास्तही आहे. पिणाऱ्यांनी सुरुवातीलाच थोडी जास्त वर्गणी घालावी आणि विषय मिटवावा. रात्री बारानंतर तो विषय काढू नये. खजिनदार म्हणून टोळीतला सर्वांत चिकट माणूस निवडा, पण मागवण्याचं काम त्याच्याकडे देऊ नका.

कार्ड सगळीकडे चालतं, तरी गर्दीच्या जुन्या बारमध्ये रोख पटकन होतं. स्पॅनिश मित्र आपापसात ‘बीसुम’ वापरतात. त्याला तिथलं बँक खातं लागतं, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग नाही.

दोन-तीन युरोंचा कान्या आणि तीन ते पाच युरोंची बशी धरली, तर तीन-चार बार फिरून माणशी पंचवीस-तीस युरोंत रात्र छान होते. ग्रानादात त्याच्या निम्म्यात.

टिप?

सक्ती नाही. काउंटरवर सुटे पैसे ठेवले की झालं. बिलावर पावाचे वेगळे पैसे किंवा अंगणात बसल्याचा अधिभार दिसला तर दचकू नका. तो मेनूवर लिहिलेला असायला हवा, लिहिलेला नसेल तर विचारा. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही. ते दुर्लक्ष नव्हे, तुम्हाला उठवायचं नाही म्हणून. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा.

कोणतं शहर, कोणती गल्ली?

एकच निवडायचं असेल तर मी लोग्रोन्यो निवडेन, हे ऐकून ट्रॅव्हल एजंट नाराज होईल. ला रिओखा या वाइनच्या प्रांताची ही राजधानी. तिथल्या काये लाउरेल या चिंचोळ्या गल्लीत आणि तिच्या आजूबाजूला बारच बार, आणि त्यांतले बरेच एकेका पदार्थासाठी ओळखले जातात. ‘सोरियानो’ नावाच्या बारमध्ये लोक तव्यावर परतलेले मशरूम खायला जातात: एकावर एक रचलेले, लसणाच्या तेलात न्हालेले, वर एक कोळंबी. शाकाहाऱ्यांनी कोळंबीशिवाय मागून बघावं, पण तवा तोच असतो हे लक्षात ठेवावं. इथे एका ठिकाणी थांबून राहणं शक्यच नसतं, कारण पुढचा पदार्थ पुढच्या दारात असतो. तापेओ शिकायला याहून चांगली शाळा नाही.

सेव्हिलमध्ये ‘एल रिंकोन्सियो’ १६७० पासून चालू आहे. लाकडी काउंटरवर खडूने तुमचा हिशेब मांडतात आणि पैसे दिले की पुसून टाकतात. तिथला पालक-चण्याचा तापा खा, एक पेय घ्या, निघा. नंतर नदी ओलांडून त्रियाना वस्तीत जा.

माद्रिदमध्ये रविवारी सकाळी रास्त्रोच्या जुन्या बाजारात भटकून दुपारी काव्हा बाहा रस्त्यावर येणं हा ठरलेला क्रम. गर्दी भयंकर असते आणि तीच मजा आहे. पुएर्ता देल सोल चौकाजवळ ‘कासा लाब्रा’ आहे, १८६० सालचं. तळलेल्या कॉड माशाचा तुकडा उभ्यानेच खायचा. १८७९ साली स्पेनच्या समाजवादी पक्षाची स्थापना याच जागी झाली. सान मिगेलचा लोखंडी मंडईवजा बाजार देखणा आहे, पण आता तो पर्यटकांचा. बघून या, पोट दुसरीकडे भरा.

ग्रानादात काये नावास सगळ्यांना सांगतात. मी रेआलेखो वस्तीतल्या काम्पो देल प्रिन्सिपे चौकाकडे पाठवेन.

सान सेबास्तियानला ‘पिंचो’ म्हणतात, ते वेगळं का?

बास्क प्रदेशातला हा प्रकार थोडा नटवा. काउंटरवर पावाच्या तुकड्यांवर रचलेल्या नक्षीदार वस्तूंची आरास असते. नवखे लोक मोठी ताटली घेऊन दहा पिंचो भरून घेतात. तसं करू नका. एक-दोन उचला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या पाटीकडे बघा. तिथे गरम, मागवल्यावर करून देतात ते पिंचो लिहिलेले असतात आणि खरं कौशल्य त्यांत दिसतं. काही बारमध्ये शेवटी काय खाल्लं ते तुम्हीच सांगायचं असतं आणि ते विश्वासाने पैसे घेतात. खरं सांगा.

वर उल्लेख आलेली हिल्दा १९४०च्या दशकात इथेच, कासा वायेस या बारमध्ये जन्मली असं मानतात. तिचं नाव हॉलिवूड अभिनेत्री रीटा हेवर्थच्या १९४६च्या ‘गिल्डा’ (स्पॅनिश उच्चार ‘हिल्दा’) चित्रपटातल्या गाजलेल्या भूमिकेवरून पडलं. जुन्या गावात ‘३१ ऑगस्ट’ नावाची गल्ली आहे: १८१३ साली त्या दिवशी इंग्रज-पोर्तुगीज सैन्याने शहर जाळलं, त्यातून वाचलेली ही गल्ली. आज ती खाण्यासाठीच ओळखली जाते.

आई-बाबा किंवा मुलं सोबत असतील तर?

मुलं बारमध्ये सर्रास असतात, रात्री अकरालाही चौकात खेळत असतात. आतमध्ये धूम्रपानाला २०११ पासून पूर्ण बंदी आहे. अंगणातल्या टेबलांवर मात्र शेजारून धूर येऊ शकतो. आई-बाबांना उभं राहणं जमणार नाही, म्हणून दुपारी एकच्या सुमारास जा, टेबल धरा, दोन बार पुरे करा. त्यांना पोटभर जेवणच हवं असेल तर कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या, ठरावीक किमतीत दोन पदार्थ, गोड, पाव आणि पेय.

अ‍ॅलर्जी असेल तर?

युरोपीय संघाच्या नियमानुसार चौदा ठरावीक घटकांची माहिती द्यावीच लागते. शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, ग्लूटेन हे सगळे त्यांत येतात. विचारा, बरेचदा तक्ता काढून दाखवतात.

मुंबईतल्या किंवा लंडनमधल्या तापास रेस्टॉरंटला हे लागू पडतं का?

अर्धंच. तिथे टेबल राखून, बसून, वाटून खायचं असतं. एका बारमधून दुसऱ्यात जायचा प्रश्न येत नाही. माणशी दोन बशा धरा, पण सगळ्या एकदम सांगू नका. तीन सांगा, त्या संपत आल्या की पुढच्या तीन. वेटर ‘सगळी ऑर्डर आत्ताच द्या’ म्हणाला तर निदान ‘दोन टप्प्यांत आणा’ एवढं तरी सांगा, नाहीतर छोट्याशा टेबलावर बारा बशा येतात आणि निम्म्या थंड होतात.

कुठे जाऊ नये?

दारात पाएयाचे रंगीत फोटो, सहा भाषांतला मेनू आणि आत बोलावणारा माणूस, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढे चला. पाएया हा तापास नाहीच. तो वालेन्सियाचा, दुपारी, निवांत बसून खायचा भात. रविवारी रात्री आणि सोमवारी बरेच चांगले बार बंद असतात. ऑगस्टमध्ये माद्रिद-सेव्हिलचे कितीतरी मालक दार लावून समुद्रावर जातात. अंगणात बसलात तर मोबाइल टेबलावर आणि पर्स खुर्चीच्या पाठीला ठेवू नका.

हे सगळं सुरू कसं झालं?

राजांच्या गोष्टी सांगतात. कादिसजवळच्या खानावळीत राजा तेरावा आल्फोन्सो शेरी पीत होता, वारा सुटला, ग्लासात वाळू जाऊ नये म्हणून पोऱ्याने वर हॅमचा काप ठेवला, राजाने तो खाऊन ‘आणखी एक’ म्हटलं. गोष्ट छान आहे. हीच गोष्ट निरनिराळ्या राजांच्या नावावर खपते, त्यामुळे ती बिअरसोबतच घ्यावी.

शेवटी गोड काय?

तापास बारमध्ये गोडाची फार आशा नको. सान सेबास्तियानला असाल तर ‘३१ ऑगस्ट’ गल्लीतल्या ‘ला विन्या’मध्ये वरून करपवलेला चीजकेक खा, जगभर ‘बास्क चीजकेक’ म्हणून जो विकतात त्याचं हे मूळ घर. त्यात अंडी असतात. माद्रिदमध्ये मध्यरात्रीनंतर ‘सान हिनेस’ला जा, १८९४ पासूनचं दुकान, चुर्रोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या) आणि दाट गरम चॉकलेट. चुर्रोसचं पीठ साधारणपणे मैदा, पाणी आणि मीठ एवढ्याचंच असतं, त्यामुळे रात्रभर ऑलिव्ह खाऊन कंटाळलेल्या शाकाहारी मित्राला इथे दोन प्लेट एकट्याने घेऊ द्या. पैसे बोतेमधून.